पाणकांठचे पाहुणे आणि घरची शिळी भाकरी

मार्गशीर्ष सरत आला, तुरीच्या शेंगा भरल्या, हरभरा फुलावर आला, म्हणजे सास्तूरच्या शिवारांत पहांटेच्या वेळीं डोक्यावरून एक सळसळ जाते. अंधार असल्यामुळें दिसत कांहींच नाहीं. परंतु ती सळसळ बदकांच्या पंखांची होय. रात्रभर चरून तीं माकणीच्या धरणाकडे परतत असतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ती ऐकली असेल. थांबून, उजाडल्यावर पाणकांठीं जाऊन तिचा माग घेणारे मात्र थोडेच. यंदा तो माग घेण्याचा योग आम्हांस आला, आणि त्या निमित्तानें शिळ्या भाकरीविषयींही चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. हे दोन विषय एकत्र कसे आले, तें पुढें सांगूं.

सास्तूर हें धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांतील गांव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां झालेल्या भूकंपांत ज्या गांवांची राखरांगोळी झाली, त्यांपैकीं हें एक. जुनें गांव सोडून लोकांनीं नव्या जागीं पुन्हा घरें मांडलीं. शेतें मात्र तींच राहिलीं आणि तेरणा नदीही तीच राहिली. बालाघाटाच्या डोंगरांत तेरखेड्याजवळ उगम पावून तेर गांवावरून येणारी ही नदी माकणी येथें अडविली आहे; त्यासच निम्न तेरणा प्रकल्प म्हणतात. पावसाळ्यांत भरलेल्या धरणाचें पाणी हिवाळ्यांत हळूहळू मागें हटूं लागतें, कांठावर गाळाचा ओला पट्टा उघडा पडतो, आणि त्या पट्ट्यावर एका बाजूनें गाळपेर करणारे शेतकरी व दुसऱ्या बाजूनें परदेशचे पक्षी, असे दोघेही एकाच वेळीं उतरतात. तंटा उत्पन्न होण्याची जागा ती हीच.

प्रथम या पाहुण्यांची ओळख करून घेऊं. सर्वच बदकें परदेशी नव्हेत. चोंचीचें टोंक पिवळें आणि मुळाशीं दोन तांबडे ठिपके असलेलें हळदीकुंकू बदक येथेंच राहतें व येथेंच अंडीं घालतें. तें नांव ज्या कोणा बाईमाणसानें ठेविलें असेल, त्याची दृष्टि तीक्ष्ण खरी. हिवाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्यांपैकीं थापट्या बदकाची चोंच उलथन्यासारखी रुंद असते व तिच्या कडांना फणीसारखे दांते असतात. पाणी गाळून तें बारीक जीव व बी वेचून घेतें. तलवार बदकाची शेपटी लांब व अणकुचीदार, आणि नराच्या मानेवर पांढरी रेघ. भिवई बदकाच्या नराच्या डोळ्यावर पांढरी भुंवई कोरल्यासारखी दिसते. नारिंगी-तांबूस अंगाचा चक्रवाक जोडीजोडीनें कांठावर बसतो; रात्रीं ज्याची जोडी विलग होते म्हणून कवींनीं विरहाचीं वर्णनें केलीं, तोच हा. काळा देह व कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी म्हणजे वारकरी. लोक त्यालाही बदकच म्हणतात, परंतु त्याची जात निराळी आहे.

पाण्यावर पांढरे पक्षी घिरट्या घालतांना दिसले म्हणजे शाळेंत शिकलेलीं मुलें त्यांस 'समुद्रपक्षी' म्हणतात. आमच्या भागांत ते बहुधा नदीसुरय असतात. सुरयाची चोंच पिवळी, शेपटी दुभंगलेली, आणि मासा दिसतांच तो हवेंतून पाण्यांत सूर मारतो. खरा कुरव निराळा. तो कावळ्याहून अंगानें भरदार, चोंच व पाय तांबडे, आणि तो पाण्यावर बदकासारखा खुशाल बसतो. हिवाळ्यांत त्याचें डोकें पांढरें होऊन कानाजवळ केवळ एक काळसर डाग उरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचीं घरटीं लडाख व तिबेट येथील उंच सरोवरांवर असतात. तेथील पाणी गोठूं लागलें म्हणजे तो खालीं उतरतो. उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ व पैठणच्या जायकवाडीवर त्याचे थवे पाहावयास मिळतात. माकणीस आम्हांस एका सकाळीं चारच दिसले, परंतु ते चार पाहण्यासाठीं थंडींत दोन तास बसल्याचें वाईट वाटलें नाहीं.

या प्रदेशाच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद नवी नव्हे. धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यांत होता तेव्हां, १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, डॉ. सालिम अली यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली व ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पुढें सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनीं रानावनांत नोकरी करीत असतां पक्ष्यांचीं मराठी व लोकभाषेंतील नांवें गोळा करून पक्षिकोश रचिला. या दोघांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्र शासनानें २०२० पासून पक्षीसप्ताह म्हणून ठरविला आहे.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. मागील वेळा अमावास्येस आम्ही सास्तूरच्या एका शेतकरी मित्राकडे गेलों होतों. धाराशिव व लातूरकडील वाचकांस हा सण सांगावयास नको. इतरांसाठीं इतकेंच कीं, त्या दिवशीं सारें गांव शेतांत जेवतें. कडब्याची कोप करून तींत पांच पांडव म्हणून पांच दगड मांडतात, त्यांची पूजा होते, आंबील शिवारांत शिंपडतात, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर व भाकरी यांचें जेवण दिवस मावळेपर्यंत चालतें. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासही उपाशी जाऊं द्यावयाचें नाहीं, असा रिवाज असल्यामुळें भाकरी नेहमींच उरतात.

या गृहस्थाचें शेत धरणाच्या फुगवट्यास लागून आहे. जेवणें आटोपल्यावर त्यानें आम्हांस हरभऱ्याचा एक वाफा दाखविला. शेंडे साफ खुडले होते. "पाव्हणं, तुमी त्या बदकांचं कौतुक करताव," तो म्हणाला, "पण माजा हरभरा त्यांनीच खाल्लाय. आता बगा, उद्या एक बी उठणार न्हाई." त्यानें झोंपडींतून एक टोपलें आणलें. उरलेल्या भाकरींचा त्यानें बारीक चुरा केला होता. त्यांत औषध कालवून रात्रीं पाणकांठीं पसरण्याचा त्याचा बेत होता.

त्याची आई जवळच भांडीं विसळीत होती. ती उठून आली आणि टोपल्यावर पदर झांकून म्हणाली, "आरं लेकरा, आज येळवस. ज्या भाकरीचा निवद दाखवला तिच्यात इख कालवतोस? भूकंपात घर गेलं तवा परक्या गावच्या भाकरीवर दिस काढले आपण."

तो कांहीं बोलला नाहीं, परंतु त्याचा राग गेलाही नाहीं. रागावणें चूक होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याचें पीक जातें त्यासच तें कळतें. आम्हीं एवढेंच मागितलें, "दादा, एक रात्र थांबा. पहांटे आपण दोघे बसून पाहूं. बदकें हरभऱ्यांत आलीं तर पुढचें तुम्ही ठरवा."

पहांटे चार वाजतां घोंगडी पांघरून आम्ही बांधावरल्या बाभळीआड बसलों. पांचाच्या सुमारास डोक्यावरून सळसळ गेली; बदकें बाहेरून आलीं आणि सरळ पाण्यावर उतरलीं. हरभऱ्याकडे एकही वळलें नाहीं. थोडें फटफटल्यावर वाफ्याच्या वरच्या अंगास हालचाल झाली. सात हरणें खालीं माना घालून शेंडे खुडीत होतीं. पुरें उजाडल्यावर आम्हीं वाफा फिरून पाहिला. दुभंग खुरांचे ठसे जागोजाग, आणि लेंड्यांचे लहान लहान ढीग. पडदेदार पायाचा एकही ठसा पिकांत नव्हता. तसे ठसे सारे पाण्याजवळच्या चिखलांत होते. मित्र बराच वेळ त्या खुरांकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजी मी भलत्यालाच मारणार हुतो." हरणांचा प्रश्न त्यामुळें सुटला नाहीं. वरच्या अंगास कुंपण व राखण यांची व्यवस्था त्यास करावी लागली व तिचा खर्चही आला. परंतु विष घालून हरभरा वांचला नसता, आणि पाणी मात्र नासलें असतें. तेंच पाणी आसपासचीं गुरें पितात.

पक्षी पिकास कधींच उपद्रव करीत नाहींत, असें आमचें म्हणणें नाहीं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस हिरवा हरभरा व गहूं चरतात. वारकऱ्यांचे मोठे थवेही कांठचें कोंवळें पीक खातात. परंतु चोर कोण हें ठरविण्याची रीत सोपी आहे: ठसे पाहावे, विष्ठा पाहावी, आणि एक पहांट जागून काढावी. पक्षीच आढळले तर चमकत्या फिती, बुजगावणें, डबा वाजविणें असे उपाय करावे व दर दोन-तीन दिवसांनीं त्यांची जागा बदलावी. एकाच जागीं उभें असलेलें बुजगावणें पक्षी लवकरच ओळखतात. विष व जाळें यांच्या वाटेस जाऊं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो अपराध आहेच. शिवाय विषारी चुरा खाण्यास बदकाआधीं गांवचा कुत्रा, घरची कोंबडी किंवा कांठावर खेळणारें पोर येणार नाहीं याची हमी कोण देईल?

वाचक म्हणतील, विषाचें ठीक. परंतु मुलांनीं चांगल्या भाकरीचे किंवा पावाचे तुकडे घातले तर काय बिघडलें? तें तर पुण्यच. मुंबईस गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या बोटींवर हिवाळ्यांत हा देखावा नित्य दिसतो: प्रवासी गाठ्या व शेव उडवितात आणि कुरव त्या हवेंतच झेलतात. लंडन शहरांतही १८९० नंतरच्या कडक हिवाळ्यांत कुरव थेम्स नदीवर येऊं लागले, तेव्हां लोक पुलांवर उभे राहून त्यांस खाऊं घालीत. भावना चांगली आहे, परंतु परिणाम तितका चांगला नाहीं.

एक तर पाव, शेव हें त्यांचें अन्न नव्हे. बदकास पाणवनस्पतींचें बी, कोंवळे कोंब, गोगलगाई व किडे लागतात. कुरवास मासे व किडे. पावानें पोट भरतें, पोषण होत नाहीं. वाढत्या पिलांस तर तें विशेष बाधतें. दुसरें असें कीं, न खाल्लेला चुरा तळाशीं बसून कुजतो, आणि उथळ, सांचलेल्या पाण्यांत त्याची घाण लवकर जाणवते. तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या खास हिताची आहे. खाऊं घालण्याची जागा ठरली म्हणजे तेथें पक्ष्यांची दाटी होते, आणि दाटींत रोग पसरतो.

या रोगाची आठवण मराठवाड्यास ताजी आहे. बर्ड फ्लू महाराष्ट्रांत प्रथम २००६ सालीं नवापूर येथें आढळला. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें कोंबड्या मेल्या त्या याच रोगानें, आणि जानेवारी २०२५ मध्यें उदगीर शहरांत कावळे मरून पडले तेही याच रोगानें. रानबदकांच्या अंगांत हे जंतु कधीं कधीं असतात आणि तीं मात्र धडधाकट दिसतात. म्हणून आमची आग्रहाची सूचना अशी कीं, परसांतल्या कोंबड्या पाणकांठीं चरावयास सोडूं नयेत, रानबदकांस खुराड्याजवळ येण्याची लालूच दाखवूं नये, धरणाचें पाणी कोंबड्यांस थेट पाजूं नये, आणि मेलेला पक्षी आढळल्यास त्यास हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवावें. शेपन्नास कोंबड्यांवर ज्या घराचा मीठमिरचीचा खर्च चालतो, त्या घरास ही काळजी महाग नाहीं.

पक्ष्यांस देण्यासारखें शेतकऱ्याजवळ दुसरें कांहीं आहे, आणि त्यास पैसा पडत नाहीं. गाळपेर करतांना अगदीं पाण्याच्या कडेपर्यंत नांगर न नेतां चार-सहा हात पट्टा मोकळा सोडावा. त्यांतलें गवत व पाणकणीस तसेंच राहूं द्यावें. फवारणीचे डबे व पंप धरणांत धुऊं नयेत. एवढें केलें कीं बदकांस निवारा व चारा दोन्ही मिळतात, आणि कांठची माती लाटांनीं व पावसानें वाहून जाण्याचें प्रमाणही कमी होतें.

पक्षी त्याची फेड करतात का, हा हिशेबी प्रश्न शेतकऱ्यानें विचारणें रास्त आहे. अमेरिकेंतील यूटा प्रांतांत १८४८ सालीं नव्यानें वसलेल्या शेतकऱ्यांच्या पिकावर नाकतोड्यासारख्या किड्यांची धाड आली असतां कुरवांच्या थव्यांनीं येऊन ते किडे फस्त केले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. १९१३ मध्यें त्यांनीं सॉल्ट लेक सिटींत कुरवांचें स्मारक उभारलें. कुरवांनीं किती पीक वांचविलें याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत, परंतु कुरव किडे खातात यांत मतभेद नाहीं. इतकें दूर तरी कशास जावें? आपल्या औतामागें गायबगळे, साळुंक्या व कोतवाल हुमणी आणि अळ्या वेचीत चालतात, तें आपण रोज पाहतों. तोच धंदा बदकें पाण्यांत करतात. गोगलगाई, किड्यांच्या अळ्या व तणांचें बी तीं खातात.

मग उरलेल्या भाकरीचें काय? तिची जागा घरांतच आहे. त्या पहांटेनंतर आम्ही झोंपडीकडे परतलों तेव्हां म्हातारीनें पदराखालीं झांकलेल्या त्याच चुऱ्याची न्याहारी आमच्या पुढें ठेविली. औषध अद्याप त्यास लागलें नव्हतें, हें सांगणें नलगे. तिची कृति वाचकभगिनींसाठीं देतों.

चार शिळ्या ज्वारीच्या भाकरी हातानें बारीक कुस्कराव्या. त्यांवर अर्धी वाटी ताक व चवीपुरतें मीठ शिंपडून चुरा पावघटका झांकून ठेवावा, म्हणजे तो मऊ होतो. लोखंडी कढईंत पळीभर तेल तापवून मोहरी व जिरें तडतडूं द्यावें. मूठभर शेंगदाणे, दोन बारीक चिरलेले कांदे व हिरव्या मिरच्या परताव्या. हळद व थोडा काळा मसाला घालावा. मग चुरा टाकून, मंद आंचेवर झांकण ठेवून वाफ आणावी. वरून कोथिंबीर. शिळ्या पोळीचाही असाच कुस्करा करतात, परंतु त्यास ताक कमी लागतें. मुलांसाठीं पोळीच्या चुऱ्यांत गूळ व तूप मळून लाडू वळावे. त्यासच आपल्याकडे मलिदा म्हणतात. दूध, लसणाची चटणी व चुरा यांचा काला तर चूल न पेटवितां होतो.

चुरा टिकवावयाचा असेल तर भाकरीचे तुकडे उन्हांत खडखडीत वाळवून उखळांत कुटावे, चाळावे व कोरड्या डब्यांत भरावे. हा चुरा आमटी दाट करण्यास, कोथिंबीरवडीचें पीठ आळण्यास व वांग्याचे काप किंवा मासे तळतांना वरून लावण्यास उपयोगी पडतो. शहरांत कटलेटास पावाचा चुरा लावतात तो याचाच भाऊबंद. परंतु ज्वारीचा चुरा अधिक खमंग लागतो, असा आमचा अनुभव आहे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानें पाळाव्या. बुरसा आलेली भाकरी माणसानें खाऊं नये व जनावरांसही घालूं नये. ती खड्ड्यांत पुरावी. आणि सणासमारंभाचें उरलेलें अन्न गाई-बैलांपुढें पाटीभर ओतूं नये. शिजलेलें धान्य एकदम पुष्कळ पोटांत गेलें म्हणजे त्यांच्या पोटांत आम्ल वाढून जनावर दगावतें. पुण्य करावयास जावें आणि गाय गमवावी, असे प्रसंग लग्नसराईंत आम्हीं पाहिले आहेत. एखादी भाकरी घासापुरती दिली तर हरकत नाहीं.

पक्षी पाहण्यास फार साहित्य लागत नाहीं. साधी दुर्बीण असल्यास उत्तम, नसली तरी चालेल. मळक्या रंगाचे कपडे घालावे, सूर्य पाठीशीं ठेवून बसावें, बोलूं नये, आणि पाण्यापासून दूर राहावें. पक्षी माना ताठ करून पोहूं लागले म्हणजे आपण फार जवळ आलों असें समजावें. तारीख, वेळ, जागा, जात व अंदाजे संख्या एका वहींत लिहावी. पांच वर्षांची अशी वही शेतकऱ्याजवळ असली तर पाहुणे कधीं येतात, कधीं जातात, ज्या वर्षीं धरण भरलें नाहीं त्या वर्षीं काय होतें, आणि पीक खाणारा खरा कोण, हें त्यास दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.

आमच्या मित्राच्या मुलीनें अशी वही त्याच दिवशीं सुरू केली. तिच्या पहिल्या पानावर चार कुरव, साठ-सत्तर बदकें व सात हरणें यांची नोंद आहे. जलाशयाकांठीं शेती असणाऱ्या इतर वाचकांनींही आपल्या येथील पाहुण्यांची व त्यांच्यामुळें झालेल्या लाभ-हानीची माहिती आम्हांकडे अवश्य पाठवावी. ती येत्या अंकांतून आनंदानें छापूं.